टाउन हॉल ते ओव्हल मैदान: पायी फेरी कोणत्या दिशेने करावी?

चौकस पाऊल:

नमस्कार. डिसेंबरमधील एका रविवारी आम्ही घरचे आणि शेजारचे मिळून नऊ जण मुंबईच्या फोर्ट भागात पायी फिरण्याचा बेत करीत आहोत. बरोबर माझी आई आहे. तिचे वय 71 आहे आणि गुडघे त्याहून थोडे अधिक थकलेले आहेत. शिवाय जुनी इमारत म्हटली की आधीच तोंड पाडणारी बारा-तेरा वर्षांची दोन मुले आहेत.

मागच्या वर्षी आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून थेट गेटवे ऑफ इंडियापर्यंत चाललो होतो. वाटेत दिसेल त्या इमारतीसमोर थांबून मी साल आणि वास्तुकाराचे नाव वाचून दाखवीत होतो. घरी आल्यावर कोणालाच काही आठवेना. आईला मात्र आठवत होते की एवढ्या लांबच्या वाटेवर तिला तीनदाच बसायला मिळाले. म्हणून या वेळी पल्ला मुद्दाम लहान ठेवला आहे. चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून ओव्हल मैदान, मग विद्यापीठ आणि उच्च न्यायालय, तेथून हुतात्मा चौक, सेंट थॉमस कॅथेड्रल, हॉर्निमन सर्कलचे उद्यान आणि शेवटी टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत, असा क्रम मनात आहे. सकाळी आठला निघून साडेदहापर्यंत आटोपावे असे वाटते.

हा क्रम बरोबर आहे की उलटा असावा? आईला मध्ये कोठे नीट बसता येईल? आणि या सर्व ठिकाणांना जोडणारे एखादे सूत्र आहे का, जे धरून मुलांना सांगता येईल? सनावळी शक्यतो नको; सांगायचीच झाली तर अगदी मोजकी चालेल.


तटाबाहेरचा:

क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण जे सूत्र शोधत आहात ते या उलट्या क्रमातच दडलेले आहे. टाउन हॉलपासून चर्चगेटकडे जाणारी वाट म्हणजे या शहराचा आडवा छेद आहे. बंदराच्या बाजूने निघून पश्चिमेला चालत गेलात, तर आधी जुन्या किल्ल्याच्या तटाच्या आतले गाव लागते, मग जेथे तट आणि दरवाजा होता ती जागा येते, त्यानंतर तटाबाहेरचे मोकळे मैदान आणि सर्वांत शेवटी समुद्र मागे हटवून मिळवलेली जमीन. पायाखालची जमीन शंभर-दीडशे वर्षे पुढे सरकत जाते. मुलांना एवढे एकच सांगितले आणि प्रत्येक थांब्यावर ‘आता आपण तटाच्या आत आहोत की बाहेर?’ असे विचारले, तरी फेरी सार्थकी लागेल.

टाउन हॉल 1833 साली बांधून पूर्ण झाला. त्याचा आराखडा कर्नल थॉमस काउपर या लष्करी अभियंत्याचा. समोरचे जाड पन्हळीदार डोरिक खांब आणि त्यांच्याकडे चढत जाणाऱ्या तीसेक पायऱ्या पाहून ही इमारत ग्रीसमधील एखाद्या देवळासारखी वाटावी, असाच बांधणाऱ्यांचा हेतू होता. कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आल्याचा जाहीरनामा 1 नोव्हेंबर 1858 रोजी मुंबईत याच पायऱ्यांवरून वाचला गेला. आत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. तिचे मूळ 1804 साली सर जेम्स मॅकिंटॉश यांनी स्थापन केलेल्या लिटररी सोसायटीत आहे. आत गेलात तर गव्हर्नरांच्या संगमरवरी पुतळ्यांच्या मेळ्यात नाना शंकरशेट यांचा पुतळा अवश्य शोधावा. साहेबांच्या पंगतीत पागोटे घालून बसलेला हा मराठी गृहस्थ कोण, असे मुलांनी विचारले तर समजावे की फेरी जमली.

आईंना पायऱ्या चढायला लावू नये. रस्त्याच्या पलीकडेच हॉर्निमन सर्कलचे उद्यान आहे. ते सुमारे अडीच एकरांचे आहे आणि तेथे झाडे मोठी व सावली दाट आहे. त्यांना तेथील बाकावर बसवून बाकीच्यांनी टाउन हॉल पाहून यावे. या उद्यानाची गोष्ट माझ्या मते सबंध वाटेवरची सर्वांत रसाळ गोष्ट आहे. पूर्वी येथे बॉम्बे ग्रीन नावाचे उघडे पटांगण होते आणि त्यावर कापसाच्या गासड्यांचे ढीग पडत. 1844 मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याकडे हलला. पुढे 1850 च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाखाली शेअर दलालांचे मोजके टोळके जमू लागले. हेच टोळके पुढे वाढत गेले आणि 1875 साली दलालांची रीतसर संघटना उभी राहिली, म्हणजे आजच्या शेअर बाजाराची पाळेमुळे या वडापर्यंत जातात. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस अडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशाच्या पुरात 1860 च्या दशकात पटांगणाभोवती एकसारख्या दर्शनी भागांच्या इमारतींचे कडे उभे राहिले. गव्हर्नरच्या नावावरून त्याला एल्फिन्स्टन सर्कल म्हणत. स्वातंत्र्यानंतर ते नाव बदलून बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे हे इंग्रज संपादक जालियनवाला बागेच्या प्रकरणात सरकारविरुद्ध उभे राहिले आणि 1919 मध्ये सरकारने त्यांना देशाबाहेर घालवले. गव्हर्नरला हटवून हद्दपार पत्रकाराला जागा द्यायची, हा नामांतराचा प्रकार मला फार आवडतो.

उद्यानातून बाहेर पडल्यावर लगेच रस्ता धरू नये. भोवतालच्या इमारतींच्या कमानींखालून अर्धे वर्तुळ चालावे. कमानींच्या माथ्यावरच्या मधल्या दगडांत दाढीवाले चेहरे कोरलेले आहेत. ते शोधण्याचे काम मुलांवर सोपवावे.

तेथून दोन मिनिटांवर सेंट थॉमस कॅथेड्रल आहे. 1676 मध्ये गव्हर्नर जेरल्ड आँजियर याने पाया घातला, पण काम रखडले आणि प्रार्थना सुरू व्हायला 1718 चा नाताळ उजाडला. आत बसायला बाके आहेत, गारवा आहे आणि भिंतीभर संगमरवरी स्मृतिलेख आहेत. ते वाचताना लक्षात येते की इथली हवा या लोकांना किती लवकर घेऊन गेली. शहराचे अंतरही याच चर्चपासून मोजत. रोमन आकडे कोरलेले जुने मैलाचे दगड मुंबईत अजून सापडतात आणि त्यांवरचे मैल येथूनच सुरू होतात.

पुढे वीर नरिमन रस्त्याने सरळ चालत गेले की फ्लोरा फाउंटन येते. तटाचा चर्चगेट दरवाजा साधारण येथेच होता. चर्चकडे नेणारा म्हणून चर्चगेट. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना 1860 च्या दशकात तट पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेच्या शोभेसाठी 1864 मध्ये हे कारंजे मुद्दाम घडवून घेण्यात आले. आज स्थानक दरवाजाच्या नावाने ओळखले जाते आणि दरवाजा मात्र कोठेच नाही, ही गंमत मुलांना तेथेच उभे राहून सांगावी.

त्यापुढचे ओव्हल मैदान हे एस्प्लनेडच्या, म्हणजे तटाबाहेरच्या मोकळ्या पटांगणाच्या, राहिलेल्या तुकड्यांपैकी एक आहे. शत्रू आला तर किल्ल्यावरच्या तोफांना आडोसा नको म्हणून तटाबाहेरची ही जमीन मोकळी ठेवलेली होती. तट गेला, तोफा गेल्या, आणि ज्या मोकळेपणाची गरज तोफांना होती तो आता क्रिकेट खेळणाऱ्यांना लाभतो. मैदानाच्या पूर्वेला विद्यापीठ आणि उच्च न्यायालय आहे. ती बांधली तेव्हा समोर मैदान, रेल्वेचे रूळ आणि लगेच समुद्र होता. पश्चिमेच्या इमारती 1930 च्या दशकात भराव घातलेल्या जमिनीवर आल्या. मैदानाच्या मधोमध उभे राहावे आणि दोन्हीकडे आळीपाळीने पाहावे. एवढ्यासाठीच मी शेवट येथे करायला सांगतो.


सावलीमाप:

वरील प्रतिसादातील दिशेशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु वेळेशी नाही. ही फेरी सकाळी करू नये.

या वाटेवरच्या बहुतेक महत्त्वाच्या इमारतींची तोंडे पश्चिमेला आहेत. टाउन हॉल उद्यानाकडे म्हणजे पश्चिमेला पाहतो; उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई मनोरा यांचे मुख्य दर्शन ओव्हलकडे, म्हणजे पुन्हा पश्चिमेलाच. सकाळी आठ-नऊला सूर्य त्यांच्या पाठीशी असतो. त्या वेळी मैदानातून पाहिले तर डोळ्यांवर तिरीप येते आणि एवढे कोरीवकाम काळ्या आकृतीसारखे सपाट दिसते. दुपारी साडेतीनला टाउन हॉलपासून निघालात तर पाच-सव्वापाचला ओव्हलवर पोहोचाल. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे शेवटचा पाऊण तास ऊन आडवे पडते, कमानींच्या आतपर्यंत शिरते आणि प्रत्येक कंगोऱ्याला स्वतःची सावली मिळते.

त्या उन्हात मुलांना दगडांचे रंग दाखवावेत. उच्च न्यायालयाचा मुख्य दगड काळपट निळा बेसाल्ट आहे, म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा पाषाण. राजाबाई मनोऱ्यात कुर्ल्याचा पिवळसर दगड वापरला आहे. बारीक कोरीवकामासाठी मुंबईत पोरबंदरचा मऊ चुनखडीचा दगड आणत, कारण काळ्या पाषाणात पाने-फुले काढायची म्हणजे छिन्नीची परीक्षा असते. फ्लोरा फाउंटनचा दगड तर इंग्लंडहून आलेला पोर्टलँड स्टोन आहे. कोणता दगड कोठून आला एवढे जरी मुलांनी ओळखले तरी सनावळीची गरज पडणार नाही.

एक तोटा आधीच सांगून ठेवतो. मैदानाच्या पश्चिम कडेच्या आर्ट डेको, म्हणजे 1930 च्या दशकातील शैलीच्या, इमारती पूर्वेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे त्या सकाळी उजळतात आणि सायंकाळी स्वतःच्याच सावलीत जातात. दोन्ही बाजू एकाच वेळी उजेडात मिळत नाहीत. पण पूर्वेच्या गोथिक शैलीच्या कोरीव इमारतींना उजेड हवा असतो. आर्ट डेकोचे गोल सज्जे, खिडक्यांवरचे पट्ट्यांसारखे छज्जे आणि दर्शनी भागावर ठसठशीत कोरलेली इमारतीची नावे सावलीतही वाचता येतात. त्यांतील एका इमारतीचे नाव ‘कोर्ट व्ह्यू’ आहे. ते का, हे मुलांना विचारून पाहावे.


दगडी पाटी:

तटाबाहेरचा यांच्या सविस्तर प्रतिसादात एक दुरुस्ती आणि एक तक्रार.

दुरुस्ती अशी की ते कारंजे या जागेसाठी घडवलेले नव्हते. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानासाठी करून घेण्याचे ठरवले होते. नंतर बेत बदलला आणि ते येथे बसवले गेले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचे आणि मोठी देणगी कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांची. फ्रिअर यांचे नाव त्याला देण्याचा मूळ विचार होता, पण शेवटी नाव फुलांच्या रोमन देवतेचे राहिले. बागेसाठी घडवलेली फुलांची देवता रहदारीच्या मध्ये येऊन उभी राहिली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

तक्रार अशी की त्या चौकातून आपण सर्वांना तट, दरवाजा आणि कारंजे सांगत पुढे नेलेत. त्या चौकाचे नाव हुतात्मा चौक आहे. 21 नोव्हेंबर 1955 रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी आलेल्या मोर्चावर येथे गोळीबार झाला. त्या लढ्यातील 106 हुतात्म्यांची आठवण म्हणून कारंज्याशेजारी मशाल धरलेल्या शेतकऱ्याचे आणि कामगाराचे स्मारक आहे. मुलांना सनावळी नको हे मान्य, पण ज्या राज्यात ती शाळेत जातात ते 1 मे 1960 रोजी कसे झाले, हे सांगायला याहून योग्य जागा मुंबईत नाही. तेथे निदान पाच मिनिटे थांबावे आणि ती पाच मिनिटे कारंज्याकडे पाठ करून थांबावे.


तटाबाहेरचा:

दगडी पाटी यांची दुरुस्ती मान्य आहे आणि तक्रार त्याहून अधिक मान्य आहे. मी रोज त्या चौकातून जात असल्यामुळे स्मारक माझ्या नजरेआड होऊ लागले असावे. हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखे झाले.

त्याच धाग्याने आणखी एक सांगतो. उच्च न्यायालयाची 562 फूट लांबीची ही इमारत जेम्स फुलर या अभियंत्याने आखली आणि ती 1878 मध्ये पूर्ण झाली. तिच्या अष्टकोनी मनोऱ्यांवर न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत. याच इमारतीत जुलै 1908 मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. त्या दालनाबाहेर आता त्यांच्या उद्गारांची संगमरवरी पाटी आहे. आपल्याला सुटीच्या दिवशी आत जाता येणार नाही, पण मैदानातून ती खिडक्यांची रांग दाखवून एवढे सांगता येईल.

आणि एक छोटी दुर्बीण बरोबर ठेवावी. राजाबाई मनोऱ्यावर जाणे सर्वसामान्यांना बंद आहे, परंतु त्याच्या अंगावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या 24 मूर्ती आहेत. मनोऱ्याचा आराखडा इंग्लंडमध्ये बसून जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केला, पण या मूर्ती घडवल्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. पागोट्याची बांधणी आणि अंगरख्याची चुणी पाहून कोण कोणत्या प्रांताचा हे ओळखण्यात मोठ्या माणसांचाही चांगला वेळ जातो.


चौकस पाऊल:

सर्वांचे मनापासून आभार. आता बेत दुपारचा ठरवला आहे, तोही शनिवारी, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेच्या वेळा आड येणार नाहीत. दोन शंका राहिल्या. काळा घोडा, डेव्हिड ससून ग्रंथालय आणि वस्तुसंग्रहालय एवढे जवळ असताना सोडवत नाही. ते जोडावे का? आणि ओव्हलवर आई कोठे बसेल?


सावलीमाप:

काळा घोडा जोडू नये. तो स्वतंत्र अर्ध्या दिवसाचा विषय आहे, आणि जोडलात तर मागच्या वर्षीचीच गत होईल. पुतळ्याची एक गोष्ट मात्र घरी सांगून ठेवावी: सातव्या एडवर्डचा मूळ अश्वारूढ पुतळा 1965 मध्ये तेथून हलवला. आता तो जिजामाता उद्यानात आहे, आणि 2017 साली चौकात जो नवा घोडा आला त्यावर स्वारच नाही. पुढच्या फेरीसाठी मुलांना तेवढे आमिष पुरे.

टाउन हॉलपासून मैदानाच्या दक्षिण टोकापर्यंत चाल दोन किलोमीटरच्या आसपास होते. त्यात उद्यानातील बाक आणि कॅथेड्रलमधील बाके हे दोन विसावे धरावेत. ओव्हलसाठी घडीचे स्टूल नेणेच उत्तम. मैदान आडवे ओलांडणारी पायवाट आहे. तिच्या कडेला स्टूल टाकले तर दोन्ही बाजू बसल्या जागी दिसतात. फक्त चेंडूकडे लक्ष असू द्यावे.


चौकस पाऊल:

फेरी झाली, म्हणून वृत्तान्त लिहीत आहे.

निघायलाच उशीर झाला आणि टाउन हॉलसमोर पोहोचेपर्यंत चार वाजले. आईने पायऱ्यांकडे एकदा पाहिले आणि कोणी काही म्हणण्याआधीच उद्यानाचा रस्ता धरला. आम्ही परत आलो तेव्हा ती दोन अनोळखी बायकांना वडाखालच्या दलालांची गोष्ट सांगत होती. ती तिने या धाग्यातूनच वाचली होती आणि माझ्यापेक्षा बरी सांगत होती. कमानींवरच्या चेहऱ्यांचा खेळ मुलांना आवडला. धाकट्याने काही चेहरे शेजारच्या काकांसारखे दिसतात असे जाहीर केले, आणि काका आमच्यासोबतच होते.

हुतात्मा चौकात आम्ही सुचवल्याप्रमाणे कारंज्याकडे पाठ करून थांबलो. तेथे मला फारसे बोलावे लागले नाही. आईने तिच्या वडिलांकडून ऐकलेली त्या दिवसांतील घोषणा म्हणून दाखवली. ती तिला येते हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते.

उशिरामुळे ओव्हलवर पोहोचायला साडेपाच वाजले. ऊन मनोऱ्याच्या वरच्या भागावर राहिले होते, खालचा भाग सावलीत गेला होता. ‘आत की बाहेर’ या प्रश्नाला थोरलीने मैदानाच्या मध्यावर ‘आधी बाहेर, आता समुद्राच्या काठावर’ असे उत्तर दिले आणि मग रस्त्यापलीकडच्या इमारतींकडे बोट करून ‘ते लोक पाण्यात राहतात’ असेही म्हणाली. दुर्बिणीवरून दोघांची भांडणे झाली. त्यांना नऊ मूर्ती सापडल्या. दहावीवर एकमत झाले नाही, कारण एकाला ती मूर्ती वाटत होती आणि दुसरीला बसलेले कबूतर.

आई स्टुलावर बसून होती. मनोरा प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून झाला आणि त्यांच्या आईचे नाव त्याला दिले, हे तिला सांगितले. राजाबाईंना दिसत नसे, आणि जैन रीतीप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायची वेळ त्यांना मनोऱ्याच्या ठोक्यांवरून कळत असे, अशी जी कथा सांगतात तीही सांगितली. तिने विचारले, “घर कुठे होतं त्यांचं? तिथपर्यंत ऐकू जायचं?” मला उत्तर देता आले नाही. तेवढ्यात सहाचे ठोके पडू लागले आणि ती हात वर करून आम्हा सर्वांना गप्प करून मोजू लागली.